फोन नंबर कुणाला द्यावा, कुणाला नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुसतं ईमेल खातं उघडायचं, तर फोन नंबर कशाला?

कंपन्या दोन कारणं सांगतात आणि दोन्ही खरी आहेत. पहिलं, बनावट खात्यांना आळा. ईमेल पत्ते फुकटात हजारोंनी तयार करता येतात. सिमकार्डाला मात्र पैसे आणि ओळखपत्र लागतं. नंबर मागितला की खोटी खाती काढणाऱ्याचा खर्च वाढतो. दुसरं, पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवून देणं.

तिसरं कारण फारसं बोललं जात नाही. ईमेल माणूस दोन-चार ठेवतो, ब्राउझर बदलतो, फोन बदलतो, पण नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. म्हापशाच्या दुकानातलं बिल, फोंड्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, जेवणाची ऑर्डर आणि समाजमाध्यमावरचं खातं या चार वेगवेगळ्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत, हे सिद्ध करायला दहा आकडे पुरतात.

पण कंपन्या म्हणतात, नंबर सांकेतिक करूनच पुढे पाठवतो. मग भीती कसली?

जाहिरातदार आपल्या ग्राहकांची यादी मोठ्या कंपनीला देतो तेव्हा प्रत्येक नंबराचा ‘हॅश’ काढलेला असतो, बहुधा एसएचए-२५६ पद्धतीने. म्हणजे नंबराऐवजी ६४ अक्षरांची एक माळ. तिच्यावरून उलट नंबर काढता येत नाही, असं सांगितलं जातं. लांबलचक पासवर्डाच्या बाबतीत ते खरं आहे, फोन नंबराच्या बाबतीत नाही.

भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर जास्तीत जास्त ४०० कोटी. त्या प्रत्येकाचा हॅश काढून तयार यादीशी ताडून पाहायला आजच्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डला काही सेकंद लागतात. शिवाय जुळणी व्हावी म्हणूनच तर दोन्ही बाजू एकच पद्धत वापरतात. तेव्हा गोपनीयता धोरणात ‘हॅश केलेला नंबर’ दिसला, तर तो ‘नंबर’ असाच वाचावा.

‘सुरक्षेसाठी’ म्हणून घेतलेला नंबर जाहिरातींसाठी वापरतात, हे खरं की अफवा?

खरं, आणि कागदोपत्री नोंदलेलं. ट्विटरने मे २०१३ ते सप्टेंबर २०१९ या काळात खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून १४ कोटींहून अधिक लोकांचे नंबर व ईमेल घेतले आणि ते जाहिराती नेमक्या माणसांना दाखवायला वापरले. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल १५ कोटी डॉलरचा दंड लावला. फेसबुकवर २०१९ मध्ये ५०० कोटी डॉलरचा दंड बसला. त्या आदेशातही सुरक्षेसाठी घेतलेले नंबर जाहिरातींना वापरायला मनाई आहे.

दोन्ही उदाहरणं अमेरिकेतली आहेत. इथला कायदा काय म्हणतो ते पुढे आहे.

मी नंबर कधी दिलाच नाही. तरी त्या अ‍ॅपला तो माहीत कसा?

तुम्ही दिला नसेल, तुमच्या चुलतभावाने दिला असेल. ‘कॉन्टॅक्ट्स वापरू द्यायचे का?’ या प्रश्नाला कोणीही ‘हो’ म्हटलं की त्याची अख्खी वही वर जाते, आणि तीत तुम्ही ज्या नावाने सेव्ह आहात त्या नावासकट. कॉलरचं नाव दाखवणारी अ‍ॅप उभी राहिली ती याच पायावर. ट्रूकॉलरमधून नंबर काढायचा असेल तर आधी त्यांचं खातं निष्क्रिय करावं लागतं, मग त्यांच्या संकेतस्थळावर ‘अनलिस्ट’च्या पानावर +९१ सह नंबर टाकायचा. हा क्रम उलटा केला तर विनंती फुकट जाते, कारण खातं चालू असताना नंबर यादीतून निघत नाही.

नंबरावरून माणूस शोधायची ही सोय उलट्या बाजूनेही वापरली जाते: यंत्राने लाखो नंबर टाकत राहायचं आणि कोणता कुणाचा ते गोळा करायचं. फेसबुकवरून २०१९ मध्ये अशीच माहिती ओरबाडली गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये ५३.३ कोटी लोकांचे नंबर नावांसकट फुकटात पसरले. त्यात सुमारे ६० लाख भारतीय होते. आयर्लंडच्या डेटा आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, २६.५ कोटी युरो दंड केला. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच करून ३५० कोटी खाती चालू असल्याचं पडताळून दाखवलं. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि त्याआधी कंपनीने ती वाट अरुंद केली.

नंबर नेमका कुणाला द्यावाच लागतो?

बँक, यूपीआय, आधार, आयकर, सिमकार्ड विकणारी कंपनी. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. यूपीआय अ‍ॅप तर नोंदणीच्या वेळी तुमच्याच सिमवरून एक एसएमएस पाठवून फोन आणि नंबर एकमेकांना बांधतं, त्यामुळे खोट्या नंबराची सोयच नाही. विमानतळावरच्या वायफायलाही ओटीपी लागतो, कारण सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवा असा दूरसंचार विभागाचा दंडक आहे. तिथे स्वतःचा मोबाइल डेटा वापरला की प्रश्न मिटतो.

व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि सिग्नल नंबराशिवाय सुरूच होत नाहीत. गुगल कधी मागतं, कधी नाही. फोनच्या सेटिंगमधून खातं उघडलं तर पुष्कळदा ‘वगळा’ हे बटण मिळतं, संगणकावरून मिळेलच असं नाही.

बाकीचे मागतात ते सवयीने. सुपरमार्केट, चपलांचं दुकान, क्यूआर कोडवरचं मेन्यूकार्ड, पणजीच्या अठरा जून रस्त्यावरची सेलची पावती, जत्रेत किंवा फेस्ताच्या फेरीत मोटार ठेवून भरून घेतलेलं लकी ड्रॉचं कुपन. यांतलं कुपन सगळ्यांत वाईट, कारण नंबरासोबत नाव, गाव, वय आणि कधी पगारही लिहून घेतात. ती माहिती पुढे कुणाकडे जाते हे कुपनावर छापलेलं नसतं.

दुचाकी भाड्याने देणाऱ्याला नंबर हवा असतो तो गाडी परत आली नाही तर. ते रास्त आहे. परवान्याचा फोटो मात्र त्याच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यापेक्षा छापील प्रत द्या आणि तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त दुचाकी भाड्यासाठी’, खाली तारीख.

काउंटरवरची मुलगी म्हणते, नंबराशिवाय बिलच निघत नाही.

निघतं. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे की बिलासाठी नंबराची सक्ती करू नका. सक्ती ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथा ठरते. मुलीशी हुज्जत घालू नका, तिच्या पडद्यावर ती चौकट रिकामी सोडता येत नाही एवढंच तिला ठाऊक असतं. ‘दुकानाचाच नंबर घाला’ म्हणा. बहुतेक ठिकाणी तसा एक नंबर त्यांनी ठरवलेलाच असतो. तरी अडून बसले तर व्यवस्थापकाला बोलवा, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मनाला येईल तो नंबर ठोकून देऊ नका. तो कुणाचा तरी असतो, आणि तुमच्या खरेदीचे मेसेज त्या बिचाऱ्याला जातात.

दुसरं सिम घेणं हा उपाय आहे का?

आहे, आणि सगळ्यांत व्यवहार्य आहे. एका माणसाच्या नावावर नऊ कनेक्शन चालतात. त्याहून जास्त सापडली तर २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सिमसाठी आधारचीच सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ठरलं. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना चालतो.

विभागणी अशी करा. जुना, सगळ्या नातेवाइकांना पाठ असलेला नंबर दुकानं, कुरिअर, व्हॉट्सअ‍ॅप यांच्यासाठी राहू द्या. तो आधीच सगळीकडे गेलेला आहे, लपवून उपयोग नाही. नवा नंबर फक्त बँक, आधार आणि यूपीआयला. लोक नेमकं उलटं करतात: बँक जुन्यावर ठेवतात आणि नवा ‘फालतू’ कामांना वापरतात. फसवणारा मात्र बँकेला जोडलेल्याच नंबराच्या मागे असतो.

बँकेत नंबर बदलायचा तर आधारमध्येही बदला, नाहीतर आधारचा ओटीपी जुन्यावर येत राहील. आधारमधला मोबाइल नंबर आधी बदला आणि बँकेत मग जा; बँकेच्या खात्यात बदल करताना आधारचा ओटीपी मागितला तर तो नव्यावर यायला हवा.

दुसरं सिम घेतलं म्हणजे आपण निनावी झालो असं मात्र समजू नका. दोन्ही तुमच्याच नावावर आहेत. कंपन्यांपुरता धागा तुटतो, सरकारपुरता नाही.

इंटरनेटवर मिळणारे फुकट तात्पुरते नंबर चालतील?

नाही. त्यावर आलेला ओटीपी त्या पानावर कुणालाही वाचता येतो, आणि खातं परत मिळवायची वेळ आली तर नंबर तुमच्याकडे नसतो. मित्राच्या किंवा मयत वडिलांच्या नावावरचं सिमही नको. खोट्या ओळखीवर सिम घेणं हा तर तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

नंबर दिलेलाच आहे. आता गुगल खात्यातून तो कसा काढू?

क्रम चुकला तर स्वतःच्याच खात्याबाहेर अडकाल, म्हणून याच क्रमाने:

१. खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडा. ते दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड देतं. पासकी (पासवर्डाऐवजी फोनच्या कुलपाने किंवा बोटाच्या ठशाने लॉगइन) जोडता आली तर आणखी बरं.

२. बॅकअप कोड काढा. गुगल दहा कोड देतं, प्रत्येकी आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. कागदावर छापून पासपोर्टसोबत ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो ठेवला तर फोन हरवताना तेही हरवतात.

३. दुसऱ्या ब्राउझरमधून लॉगइन करून पाहा. एकदा ऑथेंटिकेटरने, एकदा बॅकअप कोडने.

४. हे जमल्यावरच नंबर काढा, आणि तो दोन ठिकाणांहून काढा. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा फोन आणि खातं परत मिळवण्याचा फोन या दोन वेगळ्या नोंदी आहेत. लोक पहिली पुसतात, दुसरी तशीच राहते, आणि चोर त्याच मागच्या दाराने येतो.

पुढे फोन बदलताना जुना विकण्याआधी ऑथेंटिकेटर नव्यावर हलवून घ्या. म्हापशात जुना फोन विकून आल्यावर कोड आठवले, तर हातात उरतात ते फक्त छापलेले बॅकअप कोड.

एसएमएसने येणाऱ्या ओटीपीत वाईट काय आहे?

तो वाटेत अनेकांच्या हातांतून जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्विलिओ या मेसेज पोचवणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली आणि सिग्नलच्या सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे नंबर किंवा पडताळणीचे कोड उघडे पडले. यात सिग्नलच्या कुलपाची चूक नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या निर्देशांतही डिजिटल व्यवहारांना दोन घटकांची पडताळणी हवीच आहे, पण त्यातला एक एसएमएसचाच असावा असं बंधन नाही. तुमची बँक अ‍ॅपमधूनच मंजुरी देत असेल तर तो पर्याय निवडा.

सिम स्वॅप म्हणजे काय, आणि झाल्याचं कळतं कसं?

कोणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढतो, तुमचं बंद पडतं, ओटीपी त्याला जातात. खूण एकच: शेजारी त्याच कंपनीचा दुसरा फोन व्यवस्थित चालतोय, आणि तुमच्यावर तासभर रेंज नाही. सत्तरीतल्या किंवा काणकोणच्या आतल्या गावात रेंज जाणं रोजचंच, म्हणून शेजारचा फोन पाहणं महत्त्वाचं.

संशय आला तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, मग मोबाइल कंपनी. डुप्लिकेट सिमसाठी कंपनीच्या स्वतःच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. हा बिघाड नव्हे, चोराला ओटीपी मिळू नये म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये घातलेला नियम आहे. त्याच कारणाने सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही.

किनाऱ्यावर फोन चोरीला जातो तो प्रकार वेगळा. फोनला कुलूप असतं, पण चोर सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी मागवतो. त्याला उपाय सिम पिन. फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ चालू करा. आधीचा पिन कंपनीगणिक वेगळा असतो, तो विचारून घ्या, अंदाज करू नका: तीनदा चुकला की पीयूके (सिम उघडण्याचा कंपनीकडचा कोड) लागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं मेलं.

घरचा माणूस बोटीवर सात-आठ महिने असतो. त्याच्या नंबराचं काय?

गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे. ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच वापर झाला नाही तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते; खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर नाही. पण व्हॅलिडिटी संपली की येणारे मेसेज थांबतात, आणि ओटीपी येत नसेल तर नंबर जिवंत असून उपयोग काय? जाण्याआधी फक्त कॉल-एसएमएसचं, डेटा नसलेलं लांब मुदतीचं रिचार्ज करा. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवू दिली आहे.

भर समुद्रात एसएमएस येणार नाहीच. तिथे ऑथेंटिकेटर चालतं, कारण त्याला नेटवर्क लागत नाही, फक्त घड्याळ बरोबर लागतं. आणि नेमकं तिथेच बिघडतं. बोट एका कालविभागातून दुसऱ्यात गेली की लोक फोनचं घड्याळ हाताने तासभर पुढेमागे करतात. तसं केलं की फोनची मूळ वेळच चुकते आणि प्रत्येक कोड नाकारला जातो. तास बदलू नका, सेटिंगमध्ये कालविभाग बदला.

सिम घरी कपाटात आणि व्हॉट्सअ‍ॅप परदेशात, ही सवयही सोडायला लागा. नोंदणीचं सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं, असा आदेश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मेसेजिंग अ‍ॅपना दिला.

नंबर सोडून दिला तर पुढे काय होतं?

९० दिवसांनी तो दुसऱ्याला मिळू शकतो. तुमची जी खाती त्याला जोडलेली राहिली, त्यांचे ओटीपी त्या माणसाला जातील. म्हणून सोडण्याआधी बँक, आधार, यूपीआय, गॅस, ईमेल सगळीकडून काढा, आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘नंबर बदला’ हा पर्याय वापरा. नुसतं अ‍ॅप काढून टाकणं पुरत नाही. उलट, नव्या नंबरावर कुणाच्या कर्जाच्या हप्त्याचे मेसेज येत असतील तर त्या बँकेला कळवा. दुव्यांवर टिचकी नको.

यूपीआयमधून नंबर फुटतो का?

तुमचा आयडी ‘नंबर@बँक’ असा असेल तर हो. मोटारसायकल-टॅक्सीच्या पायलटला वीस रुपये दिले की त्याच्या अ‍ॅपमध्ये तुमचा आयडी दिसू शकतो, म्हणजे नंबर दिल्यातच जमा. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये ‘यूपीआय आयडी’मध्ये जाऊन अक्षरांचा नवा आयडी करा, तो मुख्य ठेवा, नंबराचा काढून टाका. बाईमाणसाने तर आजच करावं.

व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नलमध्ये काय बदलू?

व्हॉट्सअ‍ॅप: ‘खातं’ मध्ये दोन टप्प्यांची पडताळणी, सहा आकडी पिन, ‘गोपनीयता’ मध्ये फोटो, माहिती आणि ग्रुपात घेण्याचा अधिकार ‘माझे संपर्क’. वाड्यावरच्या दोनशे जणांच्या ग्रुपात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. चतुर्थीच्या वर्गणीसाठी असा ग्रुप करण्याऐवजी कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप करा, तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

टेलिग्राम: नंबर कोण पाहू शकतो ‘कोणीही नाही’, नंबरावरून कोण शोधू शकतो ‘माझे संपर्क’. सिग्नलमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून वापरकर्तानाव घेता येतं आणि नंबर आपोआप लपलेला असतो. नंबरावरून शोधता येणं मात्र स्वतः बंद करावं लागतं.

कायदा आपल्या बाजूने आहे का?

कागदावर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती ही त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. कायद्यातच उदाहरण दिलंय: दूरवैद्यकीय सेवेच्या अ‍ॅपने संपर्क यादी मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हटलं, तरी ती संमती यादीला लागू होत नाही, कारण उपचाराला तिची गरज नाही. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. तोवर ‘कायदा आहे ना’ म्हणून बिनधास्त राहू नये.

नको ते कॉल आणि मेसेज येतात. तक्रार कुठे?

जाहिरातींसाठी १९०९ किंवा ट्रायचं डीएनडी अ‍ॅप; कॉल आल्यापासून सात दिवसांत तक्रार करायची. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार, ‘जी’ सरकारी. बँक म्हणून साध्या दहा आकडी नंबरावरून कॉल आला तर संशय घ्या; वित्तसंस्थांसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरलेली आहे, जाहिरातींसाठी १४०.

फसवणुकीचा संशय, पण पैसे गेलेले नाहीत: दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर ‘चक्षू’ या सोयीत कळवा. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तिथेच दिसतं. अनोळखी नंबरापुढे ‘हा माझा नंबर नाही’ निवडा. ‘गरज नाही’ हा पर्याय आपलाच जुना नंबर बंद करण्यासाठी आहे, घाईत चुकीचा दाबला जातो.

पैसे गेले असतील तर १९३० आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, त्याच तासात. मग रायबंदरचं सायबर गुन्हे पोलीस ठाणे किंवा जवळचं कोणतंही ठाणं. सोबत व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, बँकेचा मेसेज आणि ज्या नंबरावरून संपर्क झाला त्याचा स्क्रीनशॉट न्या. चॅट पुसू नका, राग आला तरी.